चुकीच्या उत्तराखालची ओळ

फोन आला तेव्हा मी शिक्षक-खोलीत सहामाहीच्या उत्तरपत्रिका तपासत होते. पलीकडून म्हात्रे वहिनींचा आवाज आला, अगदी सपाट, जणू त्या दुसऱ्या कुणाचा निरोप पोहोचवत होत्या. “बाई, तुमचे सर गेले.” मी काही विचारण्याच्या आत त्यांनी पुन्हा तेच सांगितले, “गेले… चहा घेतला नि गेले.” माझ्याशी बोलताना “तुमचे सर”, शेजारणींशी बोलताना “आमचे हे”. नवऱ्याचे नाव त्यांनी उभ्या संसारात घेतले नव्हते, आणि त्या दिवशीही ते त्यांच्या तोंडी आले नाही. माझ्यासमोरची उत्तरपत्रिका अर्धवट तपासलेली होती. ती तशीच मिटून मी घंटेची वाट न पाहता बाहेर पडले. इतक्या वर्षांच्या नोकरीत असे मी पहिल्यांदाच केले.

जगन्नाथ म्हात्रे सर भाईंदरच्या आमच्या शाळेत मराठी शिकवत. मीही तोच विषय शिकवते. त्यामुळे आमची मैत्री मतभेदांतून झाली आणि मतभेदांवरच टिकली. सर मूळचे खारी गावचे. त्यांचे वडील आणि आजोबा मिठागरावर राबलेले. गावाच्या चहूबाजूंनी इमारती उठल्या तरी म्हात्र्यांचे कौलारू घर त्यांच्या मधोमध तसेच राहिले. सरांच्या अंगात घरची बोली होती आणि वर्गात स्वच्छ प्रमाण मराठी. दोन्हींत ते सारखेच सहज वावरत. मी मुंबईहून इथे राहायला आलेली, पुस्तकी वळणाची. “तुमची मराठी इस्त्रीची आहे, बाई,” ते म्हणत, “घडी मोडू नये म्हणून तुम्ही बसतही नाही.”

आमच्या वर्गांत मराठी घरात बोलली न जाणारी मुले पुष्कळ. कुणाच्या घरी गुजराती, कुणाच्या मारवाडी, कुणाच्या हिंदी. ही मुले हुशार असत, गणितात पुढे असत आणि मराठीच्या तासाला मात्र गप्प होत. चुकलो तर वर्ग हसेल, ही त्यांची भीती. सर म्हणत, या मुलांना अशी एक जागा हवी जिथे चुकताना कुणी पाहत नाही. ती जागा त्यांना शाळेच्या संगणक-खोलीत सापडली. दोन हजार सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट आहे. खोलीबाहेर चपला काढाव्या लागत, यंत्रांवर धूळ बसू नये म्हणून शिवलेले झगे असत आणि संगणकाच्या शिक्षिका नसरीन मॅडम त्या झग्यांना स्वतःच्या मुलांच्या कपड्यांसारखे जपत. इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून कुरकुरत यायचे. त्यावरूनच मॅडमनी परदेशातल्या शिक्षकांनी बनवलेले एक सॉफ्टवेअर उतरवून घेतले होते.

ज्या वाचकांनी असे काही पाहिलेले नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगते. या सॉफ्टवेअरमध्ये शिक्षकाने प्रश्न लिहायचा, त्याचे पर्याय लिहायचे, बरोबर पर्यायासमोर खूण करायची. मग एक बटण दाबले की इंटरनेटवर ठेवता येईल असे स्वाध्यायाचे पान तयार होते. रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा, शब्दांचा क्रम लावा, शब्दकोडे. जे आपण फळ्यावर करतो तेच, फक्त मुलाने एकट्याने करायचे आणि उत्तर लगेच तपासून मिळवायचे. प्रत्येक पर्यायासमोर आणखी एक चौकट असते. मुलाने तो पर्याय निवडला तर पडद्यावर काय दिसावे, ते तिथे लिहायचे असते. बहुतेक शिक्षक ती चौकट रिकामी सोडतात. मग यंत्र आपल्या पद्धतीने “बरोबर” किंवा “चूक” म्हणते आणि मोकळे होते.

म्हात्रे सरांनी ती चौकट कधी रिकामी सोडली नाही. त्यांची पद्धत उलटी होती. बरोबर उत्तरासाठी ते एकच शब्द लिहीत, “बरोबर.” त्यांचा सगळा वेळ चुकीच्या उत्तरांवर जाई. हे मूल हाच पर्याय का निवडेल, त्याच्या घरी याला काय म्हणत असतील, त्याच्या मनात कोणता रस्ता तयार झाला असेल, याचा विचार करून ते प्रत्येक चुकीखाली एक वेगळी ओळ लिहीत. आणि ती ओळ मुलालाही लागू व्हावी, मुलीलाही, अशी बेतून लिहीत. “आईने बाजारातून काय आणले?” या प्रश्नात कुणी ‘सब्जी’वर टिचकी मारली तर पडद्यावर येई : “घरी हीच शिजते, चवही हीच. मराठीच्या पिशवीत घातली की तिला भाजी म्हणतात.” काल काय केले ते सांगायचे असताना कुणी उद्याचे क्रियापद निवडले तर : “उद्याची घाई झाली का? काल अजून मागे उभा आहे. त्याला एकदा वळून बघ.” आणि काहीच न लिहिता कुणी ‘तपासा’ दाबले तर त्यासाठीही ओळ होती : “काही लिहिलेले दिसत नाही. हरकत नाही. थोडा वेळ घे. मी इथेच आहे.”

नसरीन मॅडमना हे सारे अव्यवहारी वाटे. “सर, इतना कौन पढता है? पोरं ‘चूक’ दिसलं की लगेच पुढचं बटण दाबतात.”

“म्हणून तर ते बटण मी लगेच येऊ देत नाही, मॅडम. आधी वाचा, मग पुढं जा.”

“आप भी ना… मशीनला पण वर्गात उभं करणार तुम्ही!”

मीही सरांना सांगितले होते की इतके गोंजारल्याने शिस्त जाते, चुकीला चूक म्हणावे. त्यावर ते म्हणाले, “चुकीला चूक म्हणायला यंत्र पुरतं, बाई. चुकीशी बोलायला माणूस लागतो.” हे वाक्य त्यांनी सुविचारासारखे उच्चारले नव्हते. तोंडात अर्धा बटाटेवडा होता.

एकदा काशीमीऱ्याजवळच्या एका शाळेत शिक्षकांचा मेळावा होता. सरांनी आपले स्वाध्याय तिथे दाखवायचे ठरले. वर्षभराचे काम त्यांनी एका सीडीवर नेले. सभागृह भरलेले, मोठा पडदा टांगलेला. पान उघडले, आणि पडद्यावर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा, कंसांचा आणि खुणांचा नुसता उकिरडा पसरला. आम्ही सगळे काम एका जुन्या फॉन्टमध्ये केले होते. तो फॉन्ट आमच्या शाळेच्या यंत्रांवर होता, तिथल्या यंत्रावर नव्हता. आपल्या घरची किल्ली घेऊन दुसऱ्याच्या दाराशी उभे राहावे तसे ते झाले. मागच्या रांगांतून हसण्याची लाट आली. मॅडम घामाघूम झाल्या. सर मात्र पडद्याजवळ गेले, त्या उकिरड्यावर छडी ठेवली आणि पहिल्या प्रश्नापासून सगळा स्वाध्याय तोंडपाठ वाचून दाखवला, पर्यायांसह, पर्यायांखालच्या ओळींसह. शेवटी म्हणाले, “हे मराठीच आहे. फक्त या यंत्राला अजून ते ठाऊक नाही.” हशा थांबलेला होता. मे महिन्याच्या सुट्टीत ते रोज शाळेत येऊन बसले आणि सगळे स्वाध्याय युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केले. कुठल्याही यंत्रावर मराठी मराठीच दिसावी म्हणून.

त्यानंतरच्या वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली.

डॉक्टरांनी समजावून सांगितले, सरांना सगळे कळते आहे, शब्द आतही आहेत, पण ओठांपर्यंत येताना त्यांची अदलाबदल होते. पाणी हवे असले की “खडू” म्हणत. दिवा लावा म्हणायचे असले की “सोमवार”. आपण चुकीचे बोललो हे त्यांना ऐकताक्षणी समजे आणि चेहरा आक्रसून जाई. एवढा बोलका माणूस हळूहळू तोंडच उघडेना. आम्ही दोघी भेटायला गेलो त्या दिवशी परतताना नसरीन मॅडम रिक्षात म्हणाल्या, “बाई, सरांचा फॉन्ट गेलाय. फाईल आत शाबूत आहे.” आणि डोळ्यांना ओढणी लावली.

फाईल शाबूत आहे या एका विश्वासावर आम्ही पुढचे काम सुरू केले. शाळेने वापरातून काढलेला एक संगणक मुख्याध्यापकांच्या परवानगीने खारीच्या घरी नेऊन मांडला. सरांच्याच स्वाध्यायांपासून आरंभ केला. शाळा सुटली की मी जाई. पुढच्या खोलीत खिडकीशी सर डाव्या हातात माउस धरून बसत. आपणच तयार केलेल्या पाचवीच्या प्रश्नांवर ते अडखळत. पहिल्याच दिवशी एका रिकाम्या जागेपाशी ते फार वेळ थबकले, आणि काही न लिहिता त्यांनी ‘तपासा’ दाबले. पडद्यावर त्यांचीच ओळ उमटली : “हरकत नाही. थोडा वेळ घे. मी इथेच आहे.” सरांनी ती वाचली. त्यांच्या ओठांचा एक कोपरा आता हलत नसे, पण दुसरा हलला… ते हसले की रडले, मला आजही सांगता येणार नाही. मात्र त्यानंतर ते चुकायला घाबरले नाहीत. आपल्याच ओळी एकेक वाचत पुढे सरकले.

एक दिवस वाचा-उपचार करणाऱ्या डॉक्टर घरी आल्या होत्या. त्यांनी वहिनींकडे हात करून सरांना विचारले, “ह्या कोण? यांचं नाव काय?” सरांच्या कपाळावर घाम आला. तोंडातून “खिडकी” आले, मग “मोठी सुट्टी” आले. वहिनी घाईने पुढे झाल्या.

“डॉक्टरीणबाई, बरं असताना तरी कुठं घेत होते माजं नाव? ‘अगं’वरच संसार केला आमी.”

सगळे हसले. सर हसले नाहीत. डॉक्टर गेल्यावर ते वहिनींकडे एकटक पाहत राहिले, मग माझ्याकडे वळून डाव्या हाताने पडद्यावर टकटक केले. पुन्हा वहिनींकडे बोट, पुन्हा पडद्यावर टकटक. त्यांना काय हवे होते ते मला समजले. ज्या नावाची आयुष्यभर गरज पडली नव्हती, ते आता त्यांना म्हणायचे होते.

डॉक्टरांनी एक उपाय सुचवला होता. अशा रुग्णांचे साधे बोलणे जाते, पण पाठ असलेली गाणी, ओव्या, पाढे पुष्कळदा राहतात. त्यांचा रस्ता वेगळा असतो. मी वहिनींना विचारले, सरांना असे काय पाठ आहे ज्यात तुमचे नाव आहे? वहिनी प्रथम पदर तोंडाशी धरून हसल्या. मग म्हणाल्या, “लग्नातला उखाणा. नणंदांनी दार अडवलेलं. नाव घ्या न्हायतर बाहेर ऱ्हावा. तेवढं एकदाच घेतलं त्यांनी.” आणि त्यांनी तो उखाणा मला सांगितला, नावाच्या जागी स्वतःच लाजून थांबत :

मिठागराच्या बांधावर बगळे बसले चार,
…चं नाव घेतो, सोडा आता दार.

वहिनींचे नाव मंजुळा. ते मला वहिनींनी नव्हे, रेशनकार्डाने सांगितले.

मी त्या उखाण्याचा स्वाध्याय केला. शिक्षकी पेशात मी असंख्य रिकाम्या जागा काढल्या आहेत, पण अशी कधी काढली नव्हती. पर्यायांत वहिनींच्या नावाबरोबर ‘आई’ घातले, ‘शाळा’ घातले, आणखी एकदोन नावे घातली. मग प्रत्येक पर्यायासमोरची ती चौकट माझ्यापुढे आली. त्या चौकटीत लिहिणे किती अवघड असते ते तेव्हा कळले. सर ‘आई’ निवडतील तर का निवडतील? वहिनी त्यांना भरवत होत्या, न्हाऊ घालत होत्या… मी लिहिले : “करते ही आईसारखेच. पण दार अडवले होते ते हिच्यासाठी.” ‘शाळा’ खाली लिहिले : “तिचे नाव तर तुम्ही रोज घेतलेत. आज घरचे घ्या.”

दुसऱ्या दिवशी सरांनी पान वाचले आणि अचानक, स्वच्छ, लयीत, त्यांच्या जुन्या आवाजात म्हणू लागले, “मिठागराच्या बांधावर बगळे बसले चार…” वहिनी स्वयंपाकघरातून हातातले उलथणे घेऊन धावत आल्या. किती दिवसांनी त्या घरात सरांचे एक अख्खे वाक्य ऐकू आले होते! सर रिकाम्या जागेपर्यंत आले. थांबले. ओठ मिटले, ‘म’च्या आकारात मिटले, आणि उघडले नाहीत. पुन्हा आरंभापासून. पुन्हा बगळे, पुन्हा बांध, पुन्हा तीच जागा. पडद्यावरचा बरोबर पर्याय त्यांना माउसने दाखवता येऊ लागला. म्हणता आला नाही.

पुढे ते रोज असे होत राहिले. रोज उखाणा म्हणत, नावापाशी थांबत आणि त्या जागी डावे बोट वहिनींकडे करत. मग उरलेले म्हणत, “…नाव घेतो, सोडा आता दार.” बोट दाखवणे हे उत्तर म्हणून स्वीकारायची सोय यंत्रात नव्हती. मी ते वहिनींना एकदा म्हटले. त्या म्हणाल्या, “मना तेवढं पुरे हाय, बाई. नाव आलं न्हाय तरी बोट माज्याकडंच हाय ना.” असे म्हणत असल्या तरी उखाणा त्या जागेशी आला की भाजी परतणारा त्यांचा हात थांबे. ते मी पाहत होते. त्या ऐकत होत्या. रोज ऐकत होत्या.

मग तो फोन आला. दुसरा झटका सकाळी आला आणि त्याने कुणाला अवसरच दिला नाही. मी पोहोचले तेव्हा खोली माणसांनी भरली होती. संगणकावर कुणीतरी चादर टाकली होती. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला पाहून म्हणाल्या, “आज पण दोनदा म्हटलं त्यांनी. तिथवरच म्हटलं…” एवढेच. त्या रडल्या नाहीत. उरलेले वाक्य पुरे करायला कुणी पुढे आले नाही, आणि माझीही हिंमत झाली नाही.

म्हात्रे दांपत्याला मूलबाळ नव्हते. त्याविषयी ते दोघे कधी बोलले नाहीत. दिवसकार्य आटोपल्यावर नातलग आपापल्या घरी गेले आणि वहिनी त्या घरात एकट्या उरल्या. काही आठवड्यांनी मी गेले ती एका कामासाठी. सरांनी घरी बसून डाव्या हाताने काही जुने स्वाध्याय दुरुस्त केले होते. त्यांची प्रत शाळेसाठी सीडीवर घ्यायची होती. वहिनी यंत्राचे काय करणार, ते धूळ खात पडले असेल, असे मनाशी धरूनच मी गेले होते.

दार लोटलेलेच होते. खिडकीशी, सरांच्या खुर्चीवर, वहिनी बसल्या होत्या. माउस तळव्याखाली झाकून धरलेला, पोळपाटावर हात ठेवावा तसा. समोर पाचवीचा स्वाध्याय उघडा होता. मला पाहून त्या उठू लागल्या, मी त्यांना बसवले. संगणक सुरू कसा करायचा, पान कुठे सापडते, हे सारे सरांच्या मागे उभे राहून त्यांनी पाहून ठेवले होते. रोज एक तरी स्वाध्याय त्या करत होत्या. मी पडदा पाहिला. वहिनी चौथीपर्यंत शिकलेल्या. प्रश्न सोपा होता, तरी त्यांनी चुकीच्या पर्यायावर टिचकी मारली होती. मी सवयीने बोट पुढे करून बरोबर उत्तर दाखवले.

“ते ठावं हाय मना,” वहिनी म्हणाल्या.

“मग चुकीचं का दाबलंत?”

त्या जरा ओशाळल्या. पडद्याकडे पाहतच बोलल्या, “बरोबर दाबलं का नुसतं ‘बरोबर’ लिवून गप बसतान. चुकलं का बोलतान.” मग म्हणाल्या, “किती बोलतान, बाई… पोरांशी येवढं बोलायचे, मना काय म्हाईत? घरी आले का पेपर नि वरणभात. आता सगलं वाचतंय मी. एक पण चूक सोडत न्हाय.”

मी सीडी आत सरकवली. प्रत घेतली तरी इथले इथे राहील ना, असे त्यांनी दोनदा विचारून घेतले. राहील, मी म्हटले, दोन्हीकडे राहील. मग त्यांनी मला स्टूल दिले आणि पुढचा प्रश्न आणला. ‘सूर्य मावळला की काय होते?’ खाली तीन पर्याय : सकाळ, दुपार, संध्याकाळ. वहिनींनी पदराने पडदा पुसला, सावकाश बाण हलवला आणि ‘सकाळ’वर टिचकी मारली. ओळ उमटली. एकेका अक्षरावर बोट ठेवून त्यांनी ती मोठ्याने वाचली :

“होते, सकाळही होते. पण मध्ये एक रात्र असते. ती राहून गेली.”

बाहेर गल्लीत कुणीतरी कुणाला हाक मारत होते. वहिनींनी चष्मा नीट केला.

“आता दुपार दाबून बगू?”

मी स्टूल जवळ ओढले. “दाबा,” म्हटले.